वेणीअक्काची एकादशी

चामराजपुरम, म्हैसूर
१२ जुलै २०२५

प्रिय सिंधू,

तू साताऱ्याला परत गेल्यापासून माझं देवनागरी बिघडत चाललंय, म्हणून हे पत्र. चूक दिसली तर लाल पेनानं खूण कर, स्टाफरूममध्ये करायचीस तशी. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या मराठी बोलली गेली, पण लिहायला शिकले ती तुझ्यामुळे. एरवी किराण्याची यादीसुद्धा मी कन्नडमध्येच करते. फोनवरही लिहिलं असतं, पण माझा फोन सध्या अनुषाच्या ताब्यात आहे. कोण काय पाठवतं आणि कुठला व्हिडिओ बघून अम्मा घाबरते, यावर लेकीची करडी नजर असते.

आता बातमी. उभी असशील तर बस. आतड्याचा कॅन्सर परत आलाय. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं, गोळ्या झाल्या, सुटलो म्हणून पेढे वाटले, तूही खाल्लेस. आता पोटातल्या काही गाठींमध्ये तो पुन्हा दिसतो आहे. कापून निघण्यासारखा नाही, म्हणून सलाईनमधून औषध, दर दोन आठवड्यांनी. छातीच्या कातडीखाली एक छोटी डबी बसवली आहे, तिच्यातून देतात. बुधवारी रक्त तपासायचं आणि सगळं ठीक असेल तर गुरुवारी औषध.

पहिल्याच डोसनं मला आडवं केलं. जुलाब थांबेनात, पांढऱ्या पेशी तळाला गेल्या, हॉस्पिटलात राहावं लागलं. दुसरा डोस त्यामुळे पुढे गेला आहे. डॉ. अदिती वयानं अनुषाएवढीच असेल, पण बोलणं सरळ. म्हणाली, हे औषध तुमच्या गाठींवर चालण्याची चांगली शक्यता आहे, फक्त शरीरानं ते पेलायला हवं. मी म्हटलं, पेलेल. इतकी वर्षं गणित शिकवलं, एकदाही पोर्शन अर्धा सोडला नाही. हाही संक्रांतीच्या आत संपवणार आहे.

रडू नकोस. मीही फार रडले नाही.

तुझी,
वेणी

•

सातारा
२० जुलै २०२५

प्रिय अक्का,

बस म्हणालीस, बसले. रडू नकोस म्हणालीस, ते मात्र जमलं नाही. त्र्यंबक घाबरून पाणी घेऊन आला. त्याला पत्र वाचून दाखवलं तर तो म्हणाला, वेणीअक्का म्हणते आहे ना संपवणार, मग ती संपवेल. म्हैसूरच्या विजयनगरमध्ये आम्ही नवरा-बायको नवे असताना तू घरमालकाशी भांडून आमचा पाण्याचा नळ सुरू करून घेतला होतास, ते तो अजून विसरलेला नाही.

पत्रात चुका दोनच आहेत. त्या मी तशाच ठेवते.

एक विचारते, चिडू नकोस. तुझी एकादशी बंद आहे ना? मी शाळेत नवी असताना उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी आणली होती, तेव्हा तू डब्याकडे असं बघितलं होतंस की मी झाकणच लावलं. तुम्हा लोकांची एकादशी म्हणजे पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आता या अवस्थेत ते चालणार नाही. डॉक्टरांना विचार आणि मला कळव.

तुझी,
सिंधू

•

चामराजपुरम
९ ऑगस्ट २०२५

प्रिय सिंधू,

दुसरा आणि तिसरा डोस झाला, पण पूर्ण मिळाला नाही. बिलिरुबिन नावाचं काहीतरी रक्तात वाढलंय. लिव्हर ते बाहेर टाकतं, आणि माझं औषधही लिव्हरच बाहेर टाकतं. लिव्हर सुस्त असेल तर औषध अंगात साचतं आणि जुलाब, पेशी वगैरे पुन्हा सुरू होतं. म्हणून दुसऱ्या वेळी डोस थोडा कापला, आणि परवा बिलिरुबिन आणखी वर दिसल्यावर अर्ध्यावर आणला.

अर्धा डोस. तूच सांग, अर्धं गणित सोडवलेल्या मुलाला आपण काय द्यायचो? मी डॉ. अदितीला म्हटलं, मी सहन करते, तुम्ही पूर्ण द्या. ती नाही म्हणाली. मग मी अनुषासमोर रुसून बसले. माझ्या मेलीच्या लिव्हरला आत्ताच काय झालं कळत नाही. आयुष्यात दारू सोड, बाहेरचा वडाही मी मोजून खाल्लाय.

परत येताना दसऱ्याच्या हत्तींनी रस्ता अडवला होता. तालीम सुरू झाली आहे. अंबारीच्या वजनाची सवय व्हावी म्हणून पाठीवर वाळूची पोती लादून चालवतात, आज इतकी, पुढच्या खेपेला जास्त. अनुषा हॉर्न वाजवत होती, मी मात्र खिडकीतून बघत राहिले.

बाकी जेवण नीट चालू आहे. अनुषा पेज, डाळीचा पप्पू-भात, पातळ सारू सगळं करून ऑफिसला जाते. काळजी करू नकोस.

तुझी,
वेणी

•

सातारा
१६ ऑगस्ट २०२५

प्रिय अक्का,

पत्र दोनदा वाचलं. हत्ती आले, लिव्हर आलं, वडा आला. एकादशी आली नाही.

मी तुला गेली वीस वर्षं ओळखते. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं त्याच्याऐवजी तू दुसऱ्या तीन प्रश्नांची उत्तरं देतेस. हेडमास्तरांना तू असंच गुंडाळायचीस. मी हेडमास्तर नाही.

तर पुन्हा विचारते. उपवास चालू आहेत का? हो किंवा नाही, एवढंच लिही. डोसबद्दल मला काही कळत नाही, पण डॉक्टरशी भांडू नकोस. त्यांनी अर्धा दिला तर काही विचारानंच दिला असेल.

तुझी,
सिंधू

•

चामराजपुरम
२३ ऑगस्ट २०२५

प्रिय सिंधू,

हो.

आता सगळंच सांगते. चौथा डोस दिलाच नाही. बुधवारी रक्त दिलं, बिलिरुबिन पहिल्यापेक्षा खूप वर. डॉ. अदितीनं गुरुवारचं औषध थांबवलं. स्कॅनमध्ये गाठी लहान झालेल्या दिसतात, म्हणजे औषध लागू पडतंय, आणि तेच आता मला देता येत नाही. लिव्हर स्कॅनमध्ये स्वच्छ आहे, काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या स्वच्छ आहेत, तरी आकडा चढतोय. म्हणून पुढच्या महिन्यात लिव्हरमध्ये सुई घालून तुकडा काढणार आहेत. रोग तिथं बारीक पसरला असेल अशी शंका आहे. अनुषा न्हाणीघरात नळ सोडून रडते. नळाच्या आवाजात मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

डॉ. अदितीनं मला विचारलं होतं, उपवास करता का, घरात कुणाला वारंवार कावीळ व्हायची का. मी दोन्हीला नाही म्हटलं. अनुषा शेजारी बसली होती. हो म्हटलं असतं तर तिनं त्याच दिवशी पंचांग कपाटात टाकून कुलूप लावलं असतं. सिंधू, माझे केस गेले, चव गेली, फोन गेला. रांगोळीसाठी खाली वाकायचं नाही, देवळात गर्दीत जायचं नाही. लहानपणापासून जे करत आले त्यातलं एवढंच एक शिल्लक आहे. ते मी कुणाला विचारून करणार नाही.

आणि उपवासानं काही बिघडत नाही. उलट लिव्हर सुस्त आहे म्हटल्यावर मी त्याला जास्तच विश्रांती देते आहे. दशमीला एकच वेळ जेवते, एकादशी कोरडी, आणि द्वादशीला रक्त देऊन आल्यावरच पारणं. मधल्या दिवसांतही रात्रीचं बंद केलंय. अनुषानं झाकून ठेवलेली पेज कोपऱ्यावरच्या गायीला जाते. गाय चांगली गुबगुबीत झाली आहे. पुढच्या तपासणीपर्यंत असंच रेटलं की आकडा खाली येईल आणि डोस मिळेल. डोस मी घेणारच.

अनुषाला कळवू नकोस. तुला शपथ.

तुझी,
वेणी

•

सातारा
२८ ऑगस्ट २०२५

अक्का,

मी इतकी चिडले आहे की हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन त्र्यंबकनं टाकू दिली नाहीत.

लिव्हरला विश्रांती म्हणे. तू गणिताची बाई ना? मग उदाहरण नीट वाच. तुझ्या रक्ताचा बुधवार आणि तुझी एकादशी हातात हात घालून येतात. जसजसा तू उपवास वाढवलास तसतसा आकडा चढला. हे माझ्यासारख्या भाषेच्या बाईला साताऱ्यात बसून दिसतं आणि तुला दिसत नाही?

आणखी एक आठवलं आणि माझी झोप उडाली. आपण शाळेची सहल घेऊन श्रीरंगपट्टणला गेलो होतो, ती द्वादशीची सकाळ होती. बसमध्ये तुझे डोळे पिवळे दिसत होते. मी म्हटलं, अक्का, कावीळ झाली की काय. तू हसून म्हणालीस, एकादशीनंतर आमच्या घरात सगळ्यांचे असेच होतात, माझ्या वडिलांचे, अण्णांचे, तर हळद लावल्यासारखे व्हायचे, दुपारी जेवलं की उतरतं. त्यानंतर स्टाफरूममध्ये आम्ही तुझ्या डोळ्यांवरून तिथी सांगायचो. आठवतं? डॉक्टरनं तुला नेमकं हेच विचारलं होतं आणि तू नाही म्हणालीस.

याचा अर्थ काय ते मला ठाऊक नाही. त्या डॉक्टर मुलीला असेल. तिला अर्धी माहिती देऊन तू तिच्याकडून पूर्ण डोस मागते आहेस. ती सुई घालण्याआधी जाऊन तिला सांग.

शपथ मोडणार नाही. पण तू मला फार वाईट जागी उभं केलं आहेस, हे लक्षात ठेव.

सिंधू

•

चामराजपुरम
३ सप्टेंबर २०२५

सिंधू,

आज एकादशी. कोरड्या घशानं लिहिते आहे, म्हणून थोडकंच.

तुझं पत्र वाचून मी आरशात बघितलं नाही. बघायला हवं हे कळत होतं, तरी नाही बघितलं.

मी डॉ. अदितीला सांगितलं तर ती उपवास बंद करायला लावेल. दूध-फळांवर कर असं तू म्हणशील, सगळेच म्हणतात. अर्धा उपवास म्हणजे उपवास नव्हे. माझी अम्मा शेवटच्या आजारपणातही पाणी घ्यायची नाही, मी चमचा पुढे केला की तोंड फिरवायची. तिची मुलगी मी. या घरात अनुषाच्या पिढीत एकादशी कुणी करत नाही. मी सोडली की संपली. कॅन्सरनं मला न्यायचं तर नेईल, पण ही माझ्या हातून संपायला नको. सुम्ने, उगाचचा, हट्ट नाही हा.

भीती वाटते सिंधू. डोस गेला तर जाईन, आणि एकादशी गेली तर कोण म्हणून राहीन?

वेणी

•

सातारा
९ सप्टेंबर २०२५

प्रिय अक्का,

आता चिडलेली नाही. तुझं पत्र घेऊन मी दुपारभर अंगणात बसून होते.

तू सोडलीस तर एकादशी संपेल, हे तुझं दुखणं आहे ना? मग ती मला दे. तूच एकदा सांगितलं होतंस की आजारी माणसाचं व्रत त्याच्या वतीनं दुसऱ्यानं केलं तर ते त्याच्याच नावावर जमा होतं. तुझ्या अण्णांच्या आजारपणात तुझ्या काकूनं केलं होतं. मी तुमच्या घरातली नाही, पण विजयनगरला असताना तुमच्या घरच्या प्रत्येक श्राद्धाला मी वाढायला होते, तेवढ्यावर मला धर.

१७ तारखेची एकादशी मी करते. तुमच्या पद्धतीनं, दशमीला एकदा जेवून, एकादशीला पाणीसुद्धा न पिता. त्र्यंबकला सांगून ठेवलं आहे. तो म्हणाला, तुला सकाळचा चहा पाच मिनिटं उशिरा मिळाला तरी तू भांडी आपटतेस. मी म्हटलं, बघच.

तू त्या दिवशी जेव. त्याच्या आधी डॉ. अदितीला सगळं सांग, डोळ्यांचं, अण्णांचं, गायीचंही. मला तू हवी आहेस अक्का. तुझ्या एकादश्या मी सांभाळते, तू तेवढी राहा.

तुझी,
सिंधू

•

(पोस्टकार्ड)
म्हैसूर, १३ सप्टेंबर

सिंधू, पत्र मिळालं. सोमवारी सांगते. संकल्प सोडताना माझं नाव आणि गोत्र घे, काश्यप. दशमीला पोटभर जेव.
वेणी

•

सातारा
१८ सप्टेंबर २०२५

प्रिय अक्का,

आज सकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पारणं केलं आणि लिहायला बसले.

तुझं नाव, गोत्र घेऊन संकल्प केला. दुपारपर्यंत ताठ होते. नंतर डोकं ठणकायला लागलं. घशाला कोरड पडली ती इतकी की मला तू आठवलीस, छातीत डबी घेऊन हे सगळं करणारी, आणि मला तुझा राग आला आणि कौतुकही वाटलं. संध्याकाळी चक्कर येऊन मी ओट्याला धरून बसले. त्र्यंबकनं न विचारता अर्धा कप चहा आणून ठेवला. मी तो प्यायले, अक्का. अर्धाच, पण प्यायले.

तुला न सांगता चाललं असतं. पण तुझ्या नावावरचं व्रत आहे, त्यात लबाडी कशी करू? तुझी एकादशी मी मोडली. तू माझ्या भरवशावर जेवली असशील, आणि मी इथं चहा पीत होते. काय लिहू कळत नाही. माफ कर.

तुझी,
सिंधू

•

चामराजपुरम
२५ सप्टेंबर २०२५

प्रिय सिंधू,

आधी माझं ऐक, तुझ्या चहाकडे नंतर येते.

सोमवारी मी डॉ. अदितीला सगळं सांगितलं, अनुषाला शेजारी बसवून. डॉक्टर रागावली नाही. पेन खाली ठेवलं आणि अण्णांच्या डोळ्यांबद्दल पुन्हा पुन्हा विचारत राहिली. अनुषा मात्र एकच बोलली, "अम्मा, साकु. मी पहाटे उठून पेज करत होते." साकु म्हणजे पुरे, तुला ठाऊक आहेच. त्यानंतर गाडीत मला तिचा हात धरायचं धैर्य झालं नाही. घरी आल्यावर तिनं पंचांग आणून माझ्या उशाशी ठेवलं. म्हणाली, बघत जा, फक्त मला सांगून.

सुई रद्द झाली. १७ तारखेला, एकादशीला, मी गरम भात, सारू आणि तूप जेवले. पहिला घास उचलून परत ताटात ठेवला. मग तू साताऱ्यात उपाशी बसली असशील असं मनात आणलं आणि गिळला. रात्रीही जेवले. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला रक्त दिलं. बिलिरुबिन जवळजवळ जागेवर आलं होतं. आणखी एक खास तपासणी केली, तिचा निकाल काल आला. आमच्या घराण्यात लिव्हरमधली एक क्रिया जन्मापासूनच मंद आहे. आजार नव्हे, ठेवण. अण्णांची तीच, माझी तीच. एरवी काही बिघडत नाही, पण उपाशी राहिलं की बिलिरुबिन चढतं. आणि माझं हे औषध नेमकं त्याच वाटेनं बाहेर जातं, म्हणून पहिल्या डोसनं मी कोसळले. लिव्हरमध्ये रोग नाही, सिंधू. हे वाक्य मी कन्नडमध्येही लिहून देवासमोर ठेवलंय.

आज चौथा डोस चढला. कमीच आहे, आणि कमीच राहणार. आधी बघायचं, पेललं तर हळूहळू थोडा वाढवायचा. हत्तींच्या पोत्यांसारखंच. मी जुनं भांडण उकरून काढलं, म्हटलं, पण मग तो अर्धाच ना? त्यावर ती म्हणाली, "तुमचं शरीर औषध हळू सोडतं. दुसऱ्याला पूर्ण डोसनं जेवढं मिळतं, तेवढं तुम्हाला यातूनच मिळतं. तुमच्यासाठी हाच पूर्ण डोस आहे."

सलाईन ठिबकत होतं, खिडकीतून दसऱ्याची रोषणाई दिसत होती, आणि माझ्या पिशवीत तुझं पत्र होतं. तिथंच उघडून वाचलं. अर्धा कप चहापाशी आले आणि इतकी हसले की नर्स धावत आली. मग रडलेही, तिनं दोन्ही बघितलं.

माफी कसली मागतेस? महिनाभरापूर्वी मी तुझा हा उपवास नापास केला असता. आता ऐक. तू आयुष्यात चहाशिवाय एक सकाळ काढली नव्हतीस, आणि माझ्यासाठी संध्याकाळपर्यंत काढलीस. तुला पेलली तेवढी एकादशी तू केलीस. माझ्या वहीत ती पूर्ण आहे, आणि वही तपासणारी बाई किती कडक आहे ते तुला ठाऊक आहे.

पुढची एकादशी ३ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी. मी सकाळी पोटभर इडली खाणार आहे. तू सकाळी उठून आधी चहा घे, अर्धा कप, तेवढा तुझा डोस. मग माझं नाव घे आणि उपवास धर.

तुझी,
वेणी